जुन्या जीपला बुलगार्ड, स्किड प्लेट लावायचंय? आधी कायदा, वजन आणि चेसिसचं गणित समजून घ्या

देहूरोड म्हटलं की लष्कर आठवतं. कॅन्टोन्मेंट, सेंट्रल ऑर्डनन्स डेपो, दारूगोळा डेपो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या हिरव्या गाड्या. शेजारी भोसरी, तळवडे, चाकण. या पट्ट्यात लोखंड कापून, वाकवून, जोडून देणारी वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत. एकीकडे जुन्या जीपचं वेड आणि दुसरीकडे हवं ते बनवून देणारे कारागीर, असा योग इथे जुळून आला आहे.

त्यामुळे जुनी विलीज, महिंद्रा सीजे-३बी, एमएम ५४०, जोंगा किंवा मारुती जिप्सी हाती आली, की पहिला विचार येतो तो 'पुढे दणकट बंपर टाकू, खाली गार्ड मारू' असा. सोशल मीडियावरच्या रील्समध्ये अशा गाड्या झकास दिसतात. पण कोणतं संरक्षण खरंच गाडी वाचवतं, कोणतं फक्त दिसायला असतं आणि कशामुळे दंड होऊ शकतो, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

थोडक्यात उत्तर असं: जुन्या गाडीला खरी गरज असते ती खालून संरक्षणाची. कायद्याची आणि माणसांच्या जिवाची अडचण होते ती पुढे बाहेर आलेल्या लोखंडाने. आणि गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल, तर तिची सर्वात मोठी किंमत तिच्या मूळपणात असते. म्हणून जे लावाल ते बोल्टने लावा, चेसिसला लावा आणि उद्या काढता येईल असं लावा. आता हे सविस्तर पाहू.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आलं आणि पुढे महिंद्राने ते भारतात अनेक वर्षं बनवलं. उंच बॉनेट ही तिची ओळख. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच म्हणजे साधारण २०३ सेंटीमीटर आहे.

जोंगा ही निसान पेट्रोल पी-६० वर आधारलेली गाडी. ती जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत लष्करासाठी तयार होत असे. मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली आणि लष्कर, पोलिस, रॅली अशा सगळीकडे दिसू लागली.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. खाली शिडीसारखी चेसिस आणि तिच्यावर रबरी बुशवर बसवलेली वेगळी बॉडी. आजच्या बहुतेक कारमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. जुन्या जीपमध्ये ते दोन वेगळे भाग आहेत. संरक्षण कुठे लावायचं हे याच एका फरकावरून ठरतं.

बॉडी प्रोटेक्शन म्हणजे नेमकं काय काय?

गॅरेजमध्ये सगळ्याला सरसकट 'गार्ड' म्हणतात. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

• स्किड प्लेट किंवा इंजिन गार्ड: गाडीखाली बसणारा जाड पत्रा. दगड इंजिनच्या ऑइल चेंबरला, गिअरबॉक्सला किंवा ट्रान्सफर केसला लागू नये म्हणून. चेंबर फुटला तर ऑइल सांडतं, आणि लक्षात येईपर्यंत इंजिन जाम झालेलं असतं. ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही गिअरबॉक्सखाली अशी प्लेट होती.

• डिफरन्शियल गार्ड आणि टाय रॉड गार्ड: एक्सलच्या मधला गोळा आणि स्टिअरिंगचा रॉड दगडापासून वाचवणारे छोटे भाग.

• रॉक स्लायडर: दाराखाली, चेसिसला जोडलेले दणकट पाइप. गाडीची कूस दगडावर टेकली तर वजन यांच्यावर यायला हवं, बॉडीच्या पत्र्यावर नाही. दिसायला फुटबोर्डसारखे असतात, पण फुटबोर्ड माणसाचं वजन पेलतो. स्लायडरने अर्धी गाडी पेलली पाहिजे.

• लोखंडी बंपर आणि बुलगार्ड: पुढचा जाड बंपर आणि त्यावरची पाइपची कमान.

• कॉर्नर गार्ड: बॉडीच्या कोपऱ्यांवर लावलेली चेकर्ड प्लेट.

ट्रेलवर सर्वाधिक मार कुठे बसतो? खाली आणि बाजूला. पवना धरणाच्या परिसरातले, मुळशी-ताम्हिणीकडचे कच्चे रस्ते आठवा. दगड बहुतेक वेळा चाकांच्या मधून येतो, समोरून नाही. तरीही लोक पहिला खर्च बुलगार्डवर करतात, कारण तो दिसतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ इथे महत्त्वाचं आहे. आरसीवर नोंदलेले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाने वाहनात करू नये, असं हे कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात याच कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं होतं. गाड्यांवर बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुलबार अनधिकृत आहेत, ते कलम ५२ च्या विरोधात जातात, त्यांच्यावर कारवाई करा, असं त्यात सांगितलं होतं. कारण होतं सुरक्षेचं: पादचाऱ्यांना आणि गाडीतल्यांनाही धोका.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कडक झाली. कलम १८२ए च्या पोटकलम ४ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. तीन बदल असतील तर दंडाचं गणित तीनदा होतं.

मग स्किड प्लेटचं काय? तिथेही निकष तोच: आरसीवरचे तपशील बदलतात का? आरसीवर गाडीचं रिकामं वजनही लिहिलेलं असतं. गाडीखाली, आकाराच्या आत बसणारी, काढता येणारी हलकी प्लेट आणि समोर अर्धा फूट बाहेर आलेली कमान यांत मोठा फरक आहे. तरी काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेणं शहाणपणाचं. देहूरोड हा भाग एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवड आरटीओच्या हद्दीत येतो. विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची आहे. नवा बंपर ही प्लेट झाकत असेल किंवा दिव्यांच्या आड येत असेल, तर तो वेगळा गुन्हा ठरतो.

'व्हिंटेज' नोंदणीचा नियम वेगळा का?

बोलताना आपण कुठल्याही जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणतो. कायद्यात तसं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरू शकते. अट अशी की ती मूळ स्वरूपात जपलेली असावी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठे बदल झालेले नसावेत.

अशा गाडीला 'व्हीए' अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नोंदणीची मुदत १० वर्षं. नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण ही गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच ती बाहेर काढता येते.

म्हणजे मालकासमोर दोन वाटा आहेत. पहिली, व्हीए नोंदणी घेऊन गाडी जशीच्या तशी जपायची. दुसरी, साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत चालू ठेवायची आणि गाडी वापरायची. पहिल्या वाटेवर चेसिसला मारलेलं एक वेल्डिंगही महागात पडू शकतं. १९७० ची सीजे-३बी आज व्हिंटेज ठरू शकते. १९८६ च्या जिप्सीला मात्र २०३६ पर्यंत थांबावं लागेल. पण तिची चेसिस आजच कापली, तर २०३६ मध्ये तिच्या मालकाकडे दाखवायला मूळ गाडी उरणार नाही.

वजनाचं गणित: ८० किलो कुठून येतात?

लोखंड किती जड असतं याचा अंदाज डोळ्यांनी येत नाही. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर आणि १ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन ७.८५ किलो. म्हणजे ५ मिमीचा एक चौरस मीटर पत्रा ३९ किलोचा. बाहेरून ४८ मिमी व्यासाचा आणि ३.२ मिमी जाडीचा पाइप मीटरला सुमारे साडेतीन किलो भरतो.

आता एका सीजे-३बीवर हे सगळं लावून पाहू.

• ५ मिमी पत्र्याचा, दीड मीटर रुंद बंपर. उघडून मोजला तर ४० सेंटीमीटर रुंदीचा पत्रा लागतो. वजन साडेतेवीस किलो. त्यावर साडेतीन मीटर पाइपची कमान, साडेबारा किलो. ब्रॅकेट आणि बोल्ट धरून ४० किलो.

• ४ मिमीची ६० बाय ८० सेंटीमीटरची स्किड प्लेट: १५ किलो.

• दोन्ही बाजूंचे स्लायडर, ब्रॅकेटसह: अंदाजे २५ किलो.

एकूण ८० किलो. म्हणजे एक धडधाकट माणूस कायमचा गाडीत बसवल्यासारखं. गाडीचं स्वतःचं वजनच एक टनाच्या आसपास आहे आणि चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक आहेत. घाट उतरताना हा माणूस खाली उतरत नाही.

त्यातही वजन कुठे आहे याला महत्त्व आहे. बंपर पुढच्या एक्सलच्या साधारण ५० सेंटीमीटर पुढे लटकतो. तरफेचा नियम लावला तर ४० किलोच्या बंपरमुळे पुढच्या एक्सलवर ४० नाही, ५० किलो भार वाढतो आणि मागच्या एक्सलवरचा १० किलो कमी होतो. पुढचे पाटे बसतात, गाडी नाक खाली करते, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक मारल्यावर मागची चाकं लवकर घसरतात. याउलट स्किड प्लेटचं वजन खाली आणि चाकांच्या मध्ये असतं, म्हणून त्याचा त्रास कमी.

अ‍ॅल्युमिनियम वापरलं तर? त्याची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे ६ मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेटही ४ मिमीच्या लोखंडी प्लेटपेक्षा हलकी पडते. पण दगडावर घासली की ती लवकर ओरखडते. शिवाय लोखंडी चेसिसला ती थेट टेकली आणि मध्ये पाणी साचलं, तर दोन धातूंच्या संपर्कामुळे गंज वेगाने वाढतो. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर हवाच.

मोठा बंपर लावल्याने गाडी चढणं कमी करते, ते कसं?

ऑफरोडिंगमध्ये 'अ‍ॅप्रोच अँगल' असतो. समोर चढ आला तर बंपर न टेकता गाडी किती तिरक्या चढावर जाऊ शकते, तो कोन. पुढचा टायर जमिनीला टेकतो तिथून बंपरच्या खालच्या टोकापर्यंत रेघ ओढा. ती जमिनीशी जो कोन करते तो हा.

समजा बंपरचं खालचं टोक जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच आहे आणि टायर टेकतो त्या जागेच्या ६० सेंटीमीटर पुढे आहे. कोन जवळपास ४० अंश. नवा बंपर १० सेंटीमीटर जास्त बाहेर आला तर तो साडेपस्तीस अंशांवर येतो. तोच बंपर १० सेंटीमीटर खालीही लोंबत असेल तर ३० अंशांच्या खाली. म्हणजे खर्च करून गाडीची क्षमता पावपट घालवली. जुन्या जीपचा मूळ बंपर छोटा, सरळ आणि चेसिसच्या टोकाला लागून असतो. तो तसा आहे यामागे हेच कारण आहे.

समोरच्या माणसाचं काय?

हा मुद्दा बहुतेक व्हिडिओंमध्ये येतच नाही. बुलगार्डचा पाइप कडक असतो आणि अरुंद. माणूस त्यावर आपटला तर सगळा जोर शरीराच्या छोट्या भागावर येतो. पाइपची उंची मोठ्या माणसाच्या मांडी-कमरेपर्यंत असते, लहान मुलाच्या छाती-डोक्यापर्यंत. युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाद्वारे अशा समोरच्या गार्डना पादचारी सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. कडक लोखंडी कमानी त्या चाचणीत टिकू शकत नाहीत.

गाडीतल्यांनाही फायदा नाही. नव्या गाड्यांचा पुढचा भाग धडकेत चुरगळतो आणि जोर शोषतो. जुन्या जीपमध्ये ती सोय मुळातच कमी. त्यात चेसिसला थेट जोडलेला जाड बंपर आला की धक्का सरळ चेसिसमधून आत बसलेल्यांपर्यंत जातो. एअरबॅग नाही, अनेक जुन्या गाड्यांत तीन टोकांचे सीटबेल्टही नाहीत.

देहूरोडच्या रस्त्यावर हे फक्त पुस्तकी नाही. निगडीकडून तळेगावकडे जाणारा जुना मुंबई-पुणे महामार्ग, तळवडे आणि चाकणला शिफ्टला निघालेल्या दुचाकी, बाजारातली गर्दी. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी देहूतून निघून देहूरोड, निगडीमार्गे आकुर्डीला जाते, तेव्हा हाच रस्ता माणसांनी भरलेला असतो. वर्षातून चार वेळा ट्रेलवर जाणारी गाडी बाकीचे दिवस या माणसांमध्ये चालते.

बसवताना काय पाळायचं?

पहिली पायरी लोखंड विकत घेण्याची नाही, चेसिस तपासण्याची. गाडी धुऊन वर घ्या आणि चेसिसवर हलक्या हातोडीने ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बसका. पाट्यांच्या शॅकलपाशी, बॉडी माउंटखाली आणि चेसिस वळते तिथे जास्त लक्ष द्या. चेसिस सडलेली असेल तर तिला जोडलेला दणकट गार्ड तिलाच फाडेल. आधी ती दुरुस्त करा.

मग हा क्रम ठेवा:

१. मूळ भाग जपा. जुना बंपर, ब्रॅकेट, बोल्ट नाव लिहून ठेवा. काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. व्हिंटेज नोंदणी किंवा विक्री करताना हे कामी येतं.

२. आधी पुठ्ठ्याचा नमुना करा. पुठ्ठा कापून गाडीखाली धरा. ऑइलचा ड्रेन बोल्ट, ग्रीसचे निपल, सायलेन्सर कुठे येतात ते खुणा करून घ्या. ड्रेन बोल्टसमोर भोक नसेल तर दर सर्व्हिसला पूर्ण प्लेट उतरवावी लागेल. मग हाच नमुना लेझर कटिंगवाल्याकडे द्या.

३. बॉडीला नाही, चेसिसला जोडा. खराब रस्त्यावर बॉडी आणि चेसिस एकमेकांच्या तुलनेत हलतात. स्लायडर बॉडीच्या पातळ पत्र्याला बोल्ट केला तर पत्रा फाटतो. चेसिसला लावलेला स्लायडर आणि बॉडी यांत किमान २० ते २५ मिमी फट ठेवा.

४. असलेली भोकं वापरा. बंपरची, टो हुकची मूळ भोकं बहुतेक वेळा पुरतात. नवं भोक पाडायचंच असेल तर चेसिसच्या उभ्या बाजूवर, मध्यभागी पाडा. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर भोक नको. चेसिस वाकते तेव्हा सर्वात जास्त ताण तिथेच येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

५. वेल्डिंग टेबलवर, गाडीवर नाही. ब्रॅकेट आणि गार्ड बाहेर वेल्ड करा आणि गाडीला बोल्टने लावा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या लोखंडाची ताकद बदलते. शिवाय सीजे-३बीची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. टाकी न उतरवता जवळ वेल्डिंग मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. गाडीवर वेल्डिंग टाळताच येत नसेल तर टाकी उतरवा आणि बॅटरीच्या वायरी काढून ठेवा.

६. बोल्ट हायटेन्साइल घ्या. डोक्यावर ८.८ कोरलेले, नायलॉक नट आणि जाड वॉशरसह. चेसिस पेटीसारखी बंद असेल तर आत पाइपचा तुकडा घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटी दबते. पहिल्या ट्रेलनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

७. हवा आणि उष्णता विसरू नका. बंपरने रेडिएटरची जाळी झाकू नये. स्किड प्लेटला हवेसाठी खाचा ठेवा. प्लेट आणि सायलेन्सर यांच्यात वाळलेलं गवत अडकून पेटू शकतं, म्हणून तिथे मोकळी जागा हवी.

पावसाळ्यात काय होतं?

मावळच्या पावसात दगडापेक्षा गंज जास्त गाड्या खातो. स्किड प्लेटवर चिखल साचतो आणि आठवडाभर ओला राहतो. प्लेटच्या सर्वात खालच्या जागी पाणी निघायला भोकं हवीत. पाइपची टोकं बंद करताना एक छोटं भोक खालच्या बाजूला ठेवा, कारण वेल्डच्या बारीक फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते.

कॉर्नर गार्डची चेकर्ड प्लेट इथे सर्वात वाईट ठरते. पत्र्याला चिकटून बसते, मागे पाणी धरून ठेवते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी प्लेट उचलली की खालचा मूळ पत्रा चाळणीसारखा दिसतो. जुन्या बॉडीला लावायचीच असेल तर मध्ये रबर ठेवा आणि वर्षातून एकदा काढून बघा.

भोक पाडलं, ग्राइंडर मारला की उघड्या लोखंडाला त्याच दिवशी झिंक प्रायमर लावा. नुसत्या रेड ऑक्साइडवर भागवू नका. पावडर कोटिंग छान दिसतं, पण दगडाने टवका उडाला की त्याच्या खालून गंज पसरतो आणि वरून कळत नाही. खालच्या भागांना साधा रंग बरा. ओरखडा दिसतो आणि लगेच पुन्हा मारता येतो.

रंगावरून एक नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय इतर वाहनांना वापरता येत नाही. लिलावातून आलेली लष्करी जीप असली तरी ती नागरी नोंदणीत आली की रंग बदलावा लागतो. कॅन्टोन्मेंटच्या भागात हिरवी खासगी जीप फिरवली तर ती लगेच नजरेत येईल.

काम झाल्यावर तपासणी कशी करायची?

औद्योगिक पट्ट्याचा एक फायदा म्हणजे वजनकाटे भरपूर. गार्ड लावण्याआधी आणि नंतर गाडी काट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त पुढची चाकं, एकदा फक्त मागची. तीन आकडे लिहून ठेवा. पुढच्या चाकांवरचं वजन बरंच वाढलं असेल तर पाटे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक पाहून घ्या. गाडी नाक खाली करत असेल तर हेडलाइटची दिशाही बदलते, तीही नीट करा.

मग मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी ३० ते ४० च्या वेगाने ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का, मागची चाकं लॉक होतात का, स्टिअरिंग पूर्वीपेक्षा जड लागतं का? यातलं काही होत असेल तर ट्रेलवर जाण्याआधी ते सोडवा.

मग नेमकं काय लावायचं?

बजेट मर्यादित असेल तर क्रम असा ठेवा. सर्वात आधी चेसिस आणि ब्रेक दुरुस्त. मग इंजिन-गिअरबॉक्सखाली स्किड प्लेट. मग डिफरन्शियल आणि टाय रॉड गार्ड. खरंच खडकाळ ट्रेलवर जात असाल तर आरटीओशी बोलून स्लायडर. पुढे मूळ बंपरच ठेवा आणि त्याचे टो हुक मजबूत करा, कारण अडकल्यावर गाडी ओढायला तेच लागतात. बुलगार्ड यादीत नको.

गाडी ५० वर्षांच्या पुढची आणि पूर्ण मूळ अवस्थेत असेल तर प्रश्न आणखी सोपा आहे. तिला खडकांवर नेऊच नका. ती जपा आणि ट्रेलसाठी दुसरी गाडी बघा. लोखंड पुन्हा विकत मिळतं. मूळ चेसिसवरचा कंपनीचा नंबर आणि न कापलेली बॉडी मात्र एकदा गेली की कुठल्याच वर्कशॉपमध्ये बनवून मिळत नाही.